ॲडॉल्फ सॅक्स

आंत्वान-जोसेफ सॅक्स ऊर्फ ॲडॉल्फ सॅक्स (जन्म: ६ नोव्हेंबर १८१४, दिनां, मृत्यू: फेब्रुवारी १८९४, पॅरिस) हे बेल्जियममध्ये जन्मलेले व पॅरिसमध्ये कारकीर्द घडवलेले वाद्यनिर्माते होते. सॅक्सोफोनचे जनक म्हणून ते जगभर ओळखले जातात. तथापि त्यांच्या हयातीत त्यांची कीर्ती, कमाई आणि कोर्टकचेऱ्या यांचा मोठा भाग सॅक्सोफोनपेक्षा झडपांच्या (व्हॉल्व्हच्या) पितळी वाद्यांभोवती फिरत राहिला. सॅक्सहॉर्न या त्यांच्या वाद्यकुलातून आणि त्याच्या अनुकरणातून एकोणिसाव्या शतकातील लष्करी बँडचा साचा तयार झाला. तोच साचा ब्रिटिश पलटणींबरोबर भारतात आला. मराठवाड्यासह सर्व महाराष्ट्रात लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत वाजणारा पितळी बँड हा त्याचाच दूरचा वंशज आहे.

बालपण

सॅक्स यांचा जन्म म्यूझ नदीकाठच्या दिनां या गावी झाला. धातुकामासाठी हे गाव मध्ययुगापासून प्रसिद्ध होते. वडील शार्ल-जोसेफ सॅक्स हे मूळचे सुतारकाम करणारे. पुढे ते वाद्ये बनवू लागले आणि ब्रसेल्सला स्थायिक झाले. ॲडॉल्फ हे अकरा भावंडांतील थोरले. लाकूड, पितळ, कानस आणि भट्टी यांच्या सहवासातच ते वाढले.

त्यांच्या बालपणाविषयी अपघातांची एक लांबलचक मालिका सांगितली जाते. तिसऱ्या मजल्यावरून पडणे, दूध समजून आम्लमिश्रित पाणी पिणे, टाचणी गिळणे, दारूच्या स्फोटात भाजणे, नदीत वाहून जाणे आणि डोक्यावर दगड पडणे अशा एकेक प्रसंगातून हा मुलगा बचावला. हे पोर जगणार नाही, अशी आईची धारणा झाली होती. शेजारीपाजारी त्याला भूत म्हणत. यांतील प्रत्येक प्रसंग तपासून पाहणे शक्य नसले, तरी पुढील आयुष्यात सॅक्स यांनी ज्या चिकाटीने संकटे पचवली, ती पाहता चरित्रकारांना या कथांचा मोह आवरलेला नाही.

ब्रसेल्सच्या संगीत विद्यालयात ते बासरी व क्लॅरिनेट शिकले. वादक म्हणून त्यांची तयारी चांगली होती आणि तिचा त्यांना आयुष्यभर उपयोग झाला. कारण स्वतः बनवलेले वाद्य ग्राहकासमोर स्वतःच वाजवून दाखवणारे कारागीर त्या काळी थोडेच होते. १८३८ मध्ये त्यांनी बास क्लॅरिनेटच्या सुधारित रचनेचे पेटंट घेतले. आजच्या बास क्लॅरिनेटचा पाया याच रचनेने घातला. १८४१ च्या ब्रसेल्स प्रदर्शनात वय कमी असल्याच्या सबबीवर त्यांना सुवर्णपदक नाकारून त्याखालचे पदक देऊ करण्यात आले. ते त्यांनी परत केले. पुढच्याच वर्षी त्यांनी पॅरिसची वाट धरली.

पॅरिसमधील प्रारंभ

१८४२ मध्ये सॅक्स पॅरिसला पोहोचले तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल जवळजवळ नव्हते. संगीतकार एक्तोर बेर्लियोझ यांनी त्यांची वाद्ये ऐकली आणि त्याच वर्षी जूनमध्ये एका प्रमुख वृत्तपत्रात त्यांच्यावर प्रशंसापर लेख लिहिला. त्यामुळे सॅक्स यांचे नाव एका रात्रीत शहरभर झाले. मित्रांकडून उसने पैसे घेऊन त्यांनी कारखाना उभारला.

पॅरिसमधील बहुतेक वाद्यनिर्माते त्या काळी नळ्या, झडपा आणि इतर सुटे भाग निरनिराळ्या कारागिरांकडून घेत व आपल्या दुकानात केवळ जुळवणी करून त्यावर स्वतःचा शिक्का मारीत. सॅक्स यांनी पत्रा वाकवण्यापासून झडपा घासण्यापर्यंतची सर्व कामे एका छपराखाली आणली. यामुळे वाद्यांच्या मापांत सारखेपणा आला. पण सुट्या भागांवर पोट भरणारा एक सबंध वर्ग त्यांचा वैरी झाला. कारागीर फोडणे, वादकांवर दबाव आणणे असे प्रकार लवकरच सुरू झाले. १८४३ मध्ये दोनिझेत्ती यांच्या ऑपेरात सॅक्स यांचे वाद्य वापरण्याचा बेत वादकांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला.

३ फेब्रुवारी १८४४ रोजी बेर्लियोझ यांनी आपल्या एका रचनेचे सॅक्स यांच्या सहा वाद्यांसाठी केलेले रूपांतर सादर केले. त्यात सॅक्सोफोन होता आणि तो सॅक्स यांनी स्वतः वाजवला. वाद्य अपुरे असल्यामुळे त्याचे काही भाग दोरा व लाख लावून कसेबसे जागेवर धरले होते, अशी आख्यायिका आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जॉर्ज कास्तनेर यांच्या ऑपेरात सॅक्सोफोन वाद्यवृंदात दाखल झाला.

सॅक्सहॉर्न आणि झडपेचा प्रश्न

सॅक्स यांच्या कामगिरीचे मोल कळण्यासाठी पितळी वाद्याची अडचण समजून घ्यावी लागते. साध्या नळीच्या तुतारीतून किंवा बिगुलातून ठरावीक आवर्तस्वरच निघतात. मधले स्वर मिळत नाहीत. नळी थोडी लांब केली की सर्व स्वर खाली सरकतात. झडप हेच काम वादकाच्या बोटाखाली आणते. पहिली झडप दाबली असता हवा एका जादा नळीतून फिरते व स्वर एक पूर्ण स्वरांतर उतरतो. दुसरीने अर्धे, तर तिसरीने दीड स्वरांतर उतरतो. तिन्हींच्या मिळून सात स्थिती होतात आणि त्यांतून सबंध सप्तक शुद्ध-विकृत स्वरांसह वाजवता येते.

ही कल्पना सॅक्स यांची नव्हती. हाइनरिख श्टोल्झेल आणि फ्रीदरिख ब्ल्यूमेल यांनी १८१८ मध्ये प्रशियात झडपेचे पेटंट घेतले होते. श्टोल्झेलच्या झडपेत हवा पिस्टनच्या तळातून बाहेर पडत असे. मार्ग अरुंद आणि वळणे काटकोनी असल्यामुळे आवाज कोंडे. बर्लिनचे बँडप्रमुख व्हिल्हेल्म व्हीप्रेख्त यांनी १८३३ च्या सुमारास जाड पिस्टनची, आखूड अंतर सरकणारी झडप वापरात आणली. तिला बर्लिन झडप म्हणतात. तिच्यात हवेचे सर्व मार्ग एकाच पातळीवर असल्याने आवाज मोकळा येई. पण पिस्टन जड, घर्षण जास्त आणि हालचाल मंद. पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिने यांनी १८३८-३९ मध्ये निराळा मार्ग काढला: पिस्टन सडपातळ ठेवला आणि छिद्रे वेगवेगळ्या उंचीवर पाडली. आज जगातील बहुतेक ट्रंपेट, कॉर्नेट आणि युफोनियम पेरिनेच्याच झडपेवर चालतात.

सॅक्स यांनी १८४३ मध्ये आपल्या झडपांच्या बिगुलांचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांत बर्लिन धर्तीचीच झडप होती. नावीन्य झडपेत नसून नळीच्या प्रमाणात होते. सर्वांत उंच स्वराच्या छोट्या वाद्यापासून अतिखर्जाच्या अवाढव्य वाद्यापर्यंत एकाच आकाराचे, एकाच प्रमाणात रुंदावत जाणाऱ्या नळीचे आणि एकाच बोटव्यवस्थेचे सबंध कुटुंब त्यांनी उभे केले. एक वाद्य शिकलेला शिपाई थोड्या सरावाने दुसरेही वाजवू शकत असे. बँडमधला एखादा वादक आजारी पडला किंवा लढाईत मेला, तर त्याची जागा भरणे सोपे झाले. वाद्याचा स्वभाव धातूवर नव्हे, तर आतल्या हवेच्या स्तंभाच्या आकारावर अवलंबून असतो, हे मत सॅक्स यांनी आग्रहाने मांडले. तत्कालीन कारागिरांना ते रुचले नाही. ध्वनिशास्त्राने मात्र बव्हंशी ते उचलून धरले आहे.

झडपेच्या वाद्याची एक बाजू संगीताच्या इतिहासात क्वचितच येते. ती म्हणजे झीज आणि दुरुस्ती. पिस्टन आणि त्याचे घर यांत केसाच्या जाडीहूनही कमी मोकळी जागा असते. तेवढ्यात तेलाचा पातळ थर बसतो आणि तोच हवा अडवतो. ही जागा वाढली की हवा गळते, खालचे स्वर पोकळ होतात आणि वादकाची दमछाक होते. कमी झाली की पिस्टन अडकतो. प्रत्येक पिस्टन त्याच्याच घरात बारीक पूड व तेल लावून घासून बसवलेला असल्याने पहिल्या घरातला पिस्टन दुसऱ्यात चालत नाही. म्हणूनच पिस्टनांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. नवा पिस्टन विकत आणून बसवला, असे सहसा होत नाही. तो त्या घरापुरता घासावाच लागतो. नाहीतर झिजलेल्या पिस्टनवर निकेलचा थर चढवून तो पुन्हा मापात आणतात.

लहान भागांची गोष्ट त्या मानाने सोपी असली तरी तीही निष्काळजीपणा सोसत नाही. बोटाच्या गुंडीखालची फेल्टची चकती व बुचाचा तुकडा पिस्टन किती खाली जाईल आणि किती वर येईल, हे ठरवतात. फेल्ट दबून पातळ झाले, की पिस्टनचे छिद्र नळीच्या तोंडाशी तंतोतंत जुळत नाही. वाद्य वाजते, पण आवाज दबल्यासारखा येतो आणि दोष कुठे आहे हे अनेकदा वर्षानुवर्षे कळत नाही. नवी चकती जुन्या, दबलेल्या चकतीच्या मापाने कापली तर तोच दोष कायम राहतो. मूळ जाडी छिद्राच्या जुळणीवरून काढावी लागते. स्प्रिंगा तिन्ही एकदम बदलाव्यात, कारण एकच नवी घातली तर बोटांना वेगवेगळा जोर लागतो. सैल झालेली स्प्रिंग ताणून लांब करणे हा तर केवळ चार दिवसांचा इलाज. पिस्टनला फिरू न देणारी मार्गदर्शक खीळ झिजली, तर पिस्टन किंचित वळतो आणि हवा बंद होते.

सॅक्स यांच्या स्वतःच्या वाद्यांबाबत ही अडचण आणखी बिकट आहे. बर्लिन झडपेचा वापर पुढे मावळल्यामुळे तिचे भाग बाजारात मिळत नाहीत. प्रत्येक तुकडा नव्याने कातावा लागतो. संग्रहालयांतील सॅक्सहॉर्न वाजते करण्यासाठी त्यांत नवे पिस्टन घालावेत, की मूळ झीज पुरावा म्हणून जपावी, हा जतनतज्ज्ञांपुढचा खरा पेच आहे. एकदा घर घासून मोठे केले, की सॅक्स यांच्या कारखान्यातले मूळ माप कायमचे नाहीसे होते.

शां द मार्सची चुरस

फ्रेंच लष्करी बँडची दशा १८४० च्या दशकात वाईट होती. राजा लुई-फिलिप यांचे परिसहायक जनरल रुमिन्यी यांना सॅक्स यांची वाद्ये पटली होती. प्रस्थापित निर्मात्यांनी विरोध केल्यावर उघड मैदानात तुलना करण्याचे ठरले. २२ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर सुमारे २० हजार लोकांसमोर दोन बँड समोरासमोर उभे राहिले. लष्करी संगीत विद्यालयाचे संचालक मिकेले काराफा यांच्या बँडमध्ये ४५ वादक होते. सॅक्स यांच्या बाजूचे काही वादक ऐनवेळी आलेच नाहीत आणि ३८ जणांवर भागवावे लागले. फितुरीची शंका तेव्हाही घेतली गेली. मोकळ्या हवेत काराफा यांच्या बँडचा आवाज विरून गेला, सॅक्स यांचा मात्र मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचला. सप्टेंबर १८४५ मध्ये सरकारने सॅक्सहॉर्नना लष्करी बँडमध्ये अधिकृत स्थान दिले. २८ जून १८४६ रोजी सॅक्सोफोनचे पेटंट मिळाले.

खटले आणि दिवाळखोरी

सरकारी मागणीची मक्तेदारी एकाच परदेशी माणसाकडे जाताच पॅरिसच्या वाद्यनिर्मात्यांनी संघटना करून त्यांची पेटंटे रद्द करण्यासाठी दावे लावले. झडपांचे बिगुल आधीपासून होतेच, हा त्यांचा मुख्य मुद्दा. आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. व्हीप्रेख्त यांनीही १८४५ मध्ये सॅक्स यांची वाद्ये पाहून यांत जर्मन वाद्यांहून वेगळे काही नाही, असे मत दिले होते. सॅक्सोफोनबाबत मात्र विरोधकांची बाजू लंगडी होती. त्याचा पूर्वावतार दाखवता यावा म्हणून सॅक्स यांच्याच वाद्यावरचा शिक्का घासून ते परदेशी बनावटीचे म्हणून पुढे केले गेले, असेही सांगितले जाते.

१८४८ च्या क्रांतीत राजा गेला, त्याच्याबरोबर रुमिन्यी गेले आणि लष्करी आदेशही रद्द झाला. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात सर्वोच्च पदक मिळाले. पण १८५२ मध्ये सॅक्स यांच्यावर दिवाळखोरी ओढवली. सन्मान आणि कर्ज अशी जोडी त्यांच्या आयुष्यात पुढेही वारंवार दिसते. नेपोलियन तिसरा सत्तेवर आल्यावर १८५४ मध्ये ते राजघराण्याचे वाद्यनिर्माते झाले. त्याच वर्षी न्यायालयातही त्यांची बाजू वरचढ ठरली. पुढे नक्कल करणाऱ्यांवर त्यांनी स्वतःच दावे लावले आणि भरपाई मिळवली. त्यातील बराच पैसा वकिलांकडेच गेला. १८६० मध्ये खास कायद्याने त्यांच्या पेटंटांची मुदत पाच वर्षांनी वाढवण्यात आली.

याच धकाधकीत १८५३ च्या सुमारास त्यांच्या ओठावर गाठ आली. ती वाढत जाऊन खाणे-पिणे अशक्य झाले. फुंकून वाजवण्याच्या वाद्यांवर ज्याचे आयुष्य उभे, त्याच्या ओठावरच घाला पडला होता. शस्त्रक्रिया टाळून त्यांनी व्रिएस नावाच्या, वनस्पतींच्या औषधांवर भर देणाऱ्या कृष्णवर्णी वैद्याचे उपचार घेतले आणि १८५९ मध्ये ते बरे झाले. या वैद्यावर पुढे बेकायदा वैद्यकीचा खटला चालला. ती गाठ खरोखर कर्करोगाचीच होती का, याबद्दल तत्कालीन डॉक्टरांत एकमत नव्हते.

उत्तरायुष्य

तीन झडपा एकत्र दाबल्या की जादा नळ्यांची बेरीज गरजेपेक्षा किंचित कमी भरते आणि स्वर चढतो, हा सर्व झडपांच्या वाद्यांतील मूलभूत दोष आहे. १८५२ मध्ये सॅक्स यांनी त्यावर सहा स्वतंत्र पिस्टनांची व्यवस्था काढली. तीत एका वेळी एकच पिस्टन दाबायचा आणि प्रत्येकाची नळी आपापल्या स्वराला अचूक. तर्काने ही व्यवस्था निर्दोष होती. पण वाद्य जड झाले, बोटे नव्याने वळवावी लागली, आणि वादकांनी किंचित बेसुरेपणा ओठांनी सावरून घेणेच पत्करले. या दोषावर टिकाऊ उपाय १८७४ मध्ये लंडनच्या डेव्हिड जेम्स ब्लेकली यांनी काढला. त्यांच्या भरपाई झडपा तीन पिस्टनांच्याच सवयीवर बसवता येत होत्या.

१८५७ मध्ये पॅरिसच्या संगीत विद्यालयात लष्करी विद्यार्थ्यांसाठी वर्ग निघाले. सॅक्सोफोनचा वर्ग सॅक्स यांच्याकडे, तर सॅक्सहॉर्नचा झां-बाप्तीस्त अर्बां यांच्याकडे होता. अर्बां यांची १८६४ ची अभ्यासपोथी आजही ट्रंपेट शिकणाऱ्यांच्या हाती असते. १८७० च्या युद्धाने सॅक्स यांचा वर्ग बंद पाडला. पेटंटांची मुदत संपल्यामुळे इतर निर्माते मोकळे झाले होतेच. १८७३ आणि १८७७ मध्ये पुन्हा दिवाळखोरी आली; आयुष्यभर जमवलेली साडेचारशेहून अधिक जुन्या वाद्यांची मौल्यवान संग्रहशाळा लिलावात फुकून टाकावी लागली. वृद्धपणी शाब्रिये आदी संगीतकारांनी खटपट करून त्यांना थोडेसे निवृत्तिवेतन मिळवून दिले. पॅरिसच्या मोंमार्त्र दफनभूमीत त्यांचे दफन झाले. मुलगा ॲडॉल्फ-एदुआर याने कारखाना चालवला. तो पुढे सेल्मर कंपनीकडे गेला. बेल्जियमने युरोपूर्वीच्या २०० फ्रँकच्या नोटेवर सॅक्स यांचे चित्र छापले होते.

भारतातील वारसा

सॅक्स भारतात कधी आले नाहीत, त्यांची वाद्ये मात्र वळणावळणाने आली. १८४४ मध्ये पॅरिसला आलेल्या डिस्टिन या इंग्रज वादक कुटुंबाने सॅक्सहॉर्न स्वीकारले व ब्रिटनभर दौरे करून लोकप्रिय केले. हेन्री डिस्टिन यांचा लंडनमधील कारखाना १८६८ मध्ये बूझी कंपनीने घेतला. ब्रिटिश पलटणी आणि संस्थानी फौजांचे बँड अशाच इंग्रजी कारखान्यांच्या वाद्यांवर वाजत. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. अशा छावण्यांभोवतीच्या गावांत कवायतीचे संगीत लोकांच्या कानांवर पडत गेले, आणि सनई-चौघड्याच्या जोडीला वरातीत बँडही आला. मेरठच्या जली कोठी भागात पितळी वाद्ये बनवण्याचा धंदा वाढला, त्यामुळे ती देशी बँडवाल्यांच्या आवाक्यात आली.

बँडमधले युफोनियम हे बाह्यरूपाने आणि नळीच्या रुंदावत्या आकाराने सॅक्सहॉर्नचे जवळचे नातेवाईक. क्लॅरिनेटच्या शेजारी वाजणारा सॅक्सोफोन तर थेट सॅक्स यांचाच. झडपेची वाद्ये हिंदी चित्रपटसंगीतातही गेली. गोव्यातील हळदोणे गावचे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांनी मुंबईत सी. रामचंद्र यांच्याबरोबर केलेले काम, विशेषतः १९५१ च्या अलबेला चित्रपटाच्या वेळचे, या संदर्भात उल्लेखनीय आहे.

धुळीच्या रस्त्यावर, उन्हात आणि चालता चालता तासन्‌तास वाजणाऱ्या बँडमध्ये झडपा मैफलीतल्या वाद्यापेक्षा फार लवकर झिजतात. घामाने व लाळेने पितळेवर हिरवा गंज चढतो, धूळ तेलात मिसळून तिचीच पूड होते आणि पिस्टन घराला घासत राहतो. लग्नसराई संपल्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी वाद्ये उघडून धुणे, फुटलेल्या सांध्यांना डाख देणे, बुचे, फेल्ट व स्प्रिंगा बदलणे ही कामे निघतात. पिस्टनच गेला असेल, तर तुटलेल्या दुसऱ्या वाद्यातला काढून घासून बसवण्याची युक्ती चालते. तो नीट बसला की नाही, हे पाहण्याची रीत जुनीच आहे: झडपेची नळी बाहेर ओढताना झडप न दाबता ठेवायची आणि मग दाबायची. हवा धरून ठेवणारी झडप अशा वेळी बाटलीचे बूच उडाल्यासारखा आवाज करते.